पिंपळगावच्या एकुलत्या एका गोलाची हकीकत

धैर्यमेरू, पिपानवाज, ऊनविजयी, राजमान्य राजेश्री मलिहाबीसाहेब बिन्त कादरभाई पंक्चरवाले, मूळ वस्ती मौजे पिंपळगाव राजा, तालुके खामगाव, जिल्हे बुलढाणा, हल्ली मुक्काम छत्रपती संभाजीनगर, यांचे हुजुरातून लेखकास आज्ञा जाली की, आम्ही लहान असता आपले गावी अमडापूरकरांशी फुटबॉलाचे जे थोर युद्ध जाले त्याची साद्यंत हकीकत लिहून पाठवणे. आज्ञेचे कारण ऐसे की, बाईसाहेबांचे कचेरीत चहाचे वक्ती फिरंगी मुलखातील मातबर संघांच्या बाता चालल्या आणि जो तो आपले निशाण सांगू लागला आणि मग बाईसाहेबांस पुसले की तुमचा संघ कोणता, तेव्हा त्यांनी मान ताठ करून 'पिंपळगाव राजा' म्हणून सांगितले आणि मंडळी इतकी हसली की एकाचे नाकातून चहा आला. बाईसाहेबांस ते फार लागले. त्यांनी तत्काळ मोबाइलावरून फर्मान धाडले, ते येणेप्रमाणे: "जे झालं ते सारं लिहा. वाढवून लिहू नका." सबब लेखकाने तिळमात्र न वाढवता, जैसे घडले तैसे लिहिले आहे.

तर ते समयी चहूकडे क्रिकेटाची पातशाही होती. गल्लोगल्ली तिची ठाणी आणि ओट्याओट्यावर तिचे सुभेदार. ऐशात सरनौबत चंद्रशेखर मोटार-वाइंडिंगवाले हे अमरावतीस आयटीआयचे शिक्षणास गेले आणि तेथून हुन्नर शिकून आले आणि सोबत एक फुटबॉल घेऊन आले आणि मग गावात फुटबॉलाची फौज उभी राहिली. फौजेचा लौकिक ऐसा की लढाई म्हणून चुकवली नाही आणि गोल म्हणून केला नाही. डोणगावास गेले, हरून आले. चिखलीस गेले, हरून आले. एकदा समोरचा संघ वेळेवर आलाच नाही, तेव्हा फत्ते जाली म्हणून गावात पेढे वाटले, तो तासाभराने त्यांचा टेम्पो आला आणि मग तीही लढाई आपली फौज हरली. पेढे खाल्लेले असल्यामुळे त्या दिवशी धावणेही जाले नाही.

रणभूमी म्हणजे गावाचे कडेचे बाजाराचे मैदान. त्याचे पश्चिम टोकास जुने कडुनिंबाचे झाड आणि त्याचे पुढ्यात बांबूचा गोल. पूर्व टोकासही पूर्वी गोल होता, परंतु त्याचे बांबू कोणाचे लग्नाचे मांडवास गेले ते मांडव उतरला तरी परत आले नाहीत. त्या टोकास झाड नाही, झुडूप नाही, नुसते ऊन. सबब रोजचा सराव एकाच गोलावर, निंबाकडे तोंड करून होत असे. सामना असला म्हणजे पूर्वेस दोन बांबू तात्पुरते रोवून वरून नायलॉनची दोरी ताणत आणि सामना सरला की दोरी कपडे वाळवायला परत नेत.

निंबाखाली पिंपळगावच्या चाहत्यांची छावणी असे. छावणीचे मुख्य भाऊराव, पेन्शनीतले कोतवाल, बाजेवर विराजमान. त्यांची ख्याती ऐसी की सावली सोडून ते कधी बसले नाहीत. सावली सरके तैसी बाज सरके, आणि बाज सरकवण्यास दोन इसम कायम नेमलेले. शेजारी त्यांचे कुटुंब बेबीताई, पाण्याचा माठ घेऊन. आणि गोलाचे ऐन पाठीशी मलिहाबी, वय वर्षे दहा, पुढ्यात गोडेतेलाचा रिकामा पिपा आणि हाती बाभळीचे दांडके. तो पिपा एकदा वाजू लागला म्हणजे मशिदीपासून बुद्धविहारापावेतो कोणाची दुपारची झोप शिल्लक राहत नसे. पिपा मलिहाबींचे वडील कादरभाई यांनी दिला होता. फौजेचा फुटबॉलही कादरभाईच सांभाळत. तो फाटला की सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून देत आणि त्यामुळे चेंडूस एका अंगास टेंगूळ आले होते आणि तो लाथ मारल्यावर कोणीकडे जाईल हे चेंडूस स्वतःस ठाऊक नसे.

फौजेचा हरावल, म्हणजे आघाडीचा वीर, प्रेमानंद. पायात वेग ऐसा की एकदा एसटी चुकली तर पुढल्या थांब्यावर गाठली. परंतु चेंडू पायाशी आला की मुंडी खाली घालत ती गोल होईतो वर करत नसत. सरावात निंबाखालच्या गोलात त्यांनी किती गोल केले यास गणती नाही. सामन्यात मात्र उत्तरार्धात बाजू बदलली, निंबाकडचा गोल आपला जाला, तरी प्रेमानंद मुंडी खाली घालून तिकडेच धावत आणि आपल्याच गोलात चेंडू हाणत आणि मग मान वर करून दोन्ही हात उंचावत आणि मग सरनौबत दोन्ही हात कपाळास लावत. त्यांस समजावून सांगितले, कसम घ्यायला लावली, एकदा तळहातावर पेनाने बाण काढून दिला. पुढल्या लढाईत घामाने बाण पुसला आणि प्रेमानंद पुन्हा निंबाकडे गेले. गावाने ते नशिबावर ढकलले आणि पुढे ते कोणी मनावर घेईना.

एक मलिहाबीच काय ते मनावर घेत. त्या दुसरीत असता एके दिवशी फौज ऐसीच हरून आली आणि मलिहाबींस रडू कोसळले आणि त्या भरात त्यांनी मन्नत मानली की, आपली फौज गनिमावर एक गोल चढवीतोवर आंबा तोंडास लावणार नाही. तेव्हा वाटले, महिन्या-पंधरवड्याची बात. पुढे एक उन्हाळा गेला आणि दुसरा गेला. घरी आमरस होई तेव्हा भावंडे वाट्या चाटत आणि मलिहाबी कांद्याची चटणी आणि पोळी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसत. कादरभाईंचे काळीज तुटे. ते म्हणत, "खाऊन घे बेटा. अल्लामियाँ काही आंबे मोजत बसले नाही." त्यावर मलिहाबींचा जबाब ठरलेला, "मी मोजून राह्यली न, अब्बा."

भाऊरावांचे शेतात एक आंब्याचे झाड होते. भाऊराव दर साली मलिहाबींचे नावे एक आंबा निवडून गवताचे अढीत ठेवत, की न जाणो, यंदा गोल जाला तर पोरीसाठी तयार असावा. गोल होत नसे आणि आंबा पिकून उतरणीस लागे आणि मग नाइलाजास्तव भाऊराव तो स्वतः खात. खाताना त्यांचा चेहरा पार आक्रसून जाई. तो शोकामुळे आक्रसतो ऐसे मलिहाबी समजत आणि त्यांस भाऊरावांविषयी फार माया वाटे.

तिसरे उन्हाळ्यात संकट आले. घरी मसलत होऊन ठरले की जून लागताच मलिहाबींनी पुढील शिक्षणास अकोल्यास फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, जावे. मलिहाबींनी सारा विचार केला. अकोल्यास शाळा थोर, फुफी मायाळू, सारे खरे; परंतु तिकडे गेल्यावर पिंपळगावने गोल केला की नाही हे डोळ्यांनी पाहणार कोण, आणि मन्नत तर डोळ्यांनी पाहण्याची. म्हणजे या मोसमाची आखरी लढाई, अमडापूरकरांशी, तीत गोल न जाला तर आंबा जन्माचा गेला. शाळा गेली असती तर त्यांनी सोसले असते. आंबा जातो म्हणताच त्यांचे डोळ्यांस रात्रभर झोप आली नाही.

लढाईचा दिवस उजाडला. वैशाखाचे ऊन ऐसे की कावळाही उडायचे मनावर घेईना. सामना वास्तविक संध्याकाळी व्हायचा, परंतु अमडापूरकर ज्या टेम्पोतून आले त्यास संध्याकाळी लग्नाची वर्दी होती, सबब टेम्पोचे मालक अर्जुनराव यांनी फर्मावले की ऐन दुपारी खेळा, नाही तर पायी परत जा. शिट्टी वाजवण्यास त्रयस्थ इसम पाहिजे म्हणून अर्जुनरावांसच पंच नेमले. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि घड्याळात पाहिले आणि निंबाखाली भाऊरावांचे बाजेचे एका कोपऱ्यावर बूड टेकले. तेथून त्यांनी सारा न्याय केला.

पूर्वार्धात पिंपळगावचा मारा निंबाकडे. परंतु सूर्य मावळतीस कलू लागला होता आणि निंबाची सावली बरोबर गोलाचे पुढ्यात पडली होती, सबब अमडापूरची झाडून सारी फौज बचावाचे निमित्त करून त्या सावलीत दाटीवाटीने उभी राहिली. चेंडू शिरण्यास जागाच उरली नाही. प्रेमानंदांनी हल्ले केले आणि चेंडू कोणाचे गुडघ्यास लागला, कोणाचे पाठीस लागला, एकदा बेबीताईंचे माठास लागता लागता राहिला आणि मग बेबीताईंनी दोन्ही फौजांस मिळून जे सुनावले ते बखरीत लिहिण्याजोगे नाही. मधूनच अमडापूरचे दोन गडी उन्हात पळत जात आणि पूर्वेस गोल करून धापा टाकत सावलीस परत येत. तिकडे आपले गोलकीपर शालिग्राम डोक्यावरून दुपट्टा घेऊन उभे होते. चेंडू गेल्यावर त्यांस चेंडू आला होता हे समजे. हाफटाइमास अमडापूरचे दोन गोल, पिंपळगावचे शून्य.

बेबीताईंनी पन्हे वाटले. मलिहाबींनी ते परत केले, की कैरी म्हणजे आंब्याचेच लेकरू. बेबीताईंनी पदराने डोळे टिपले आणि ते पन्हे स्वतः प्याल्या.

मग बाजू बदलली. सरनौबतांनी प्रेमानंदांस जवळ बोलावून आखरी ताकीद दिली, ती येणेप्रमाणे: "प्रेम्या, आता उलटं हाये. निंबाकडं नाही जाचं, तिकडं जाचं. समजलं काय बे?" प्रेमानंदांनी अर्ज केला, "हाव, समजलं न." शिट्टी जाली, मलिहाबींनी पिप्यावर पहिला टोला हाणला, चेंडू प्रेमानंदांचे पायी आला आणि त्यांनी मुंडी खाली घातली आणि थेट निंबाकडे दौड केली. शालिग्राम आता निंबाखालचे गोलात होते. आपलाच माणूस येतो आहे म्हणून त्यांनी अदबीने वाट दिली. तिसरा गोल. थोड्या वेळाने त्याच चालीने चौथा. अमडापूरचे गडी सावलीत बसून टाळ्या वाजवू लागले, कारण त्यांस करण्याजोगे काही उरलेच नव्हते.

पुन्हा प्रेमानंद निघाले. मलिहाबी जिवाचे आकांताने पिपा बडवीत होत्या आणि तळहातास घाम येऊन दांडके निसटले आणि पिपा बंद पडला. आणि प्रेमानंद उभे राहिले. भर मैदानात, पायाशी चेंडू, मुंडी खाली, बाजारात कोणाचे बोट सुटलेल्या पोरासारखे. मलिहाबींनी दांडके उचलून टोला हाणला. प्रेमानंद चालू जाले. मलिहाबी थांबल्या. प्रेमानंद थांबले. तेव्हा मलिहाबींचे डोक्यात उजेड पडला.

रोज संध्याकाळी, सरावात, निंबाखालून त्या पिपा वाजवीत आणि प्रेमानंद पिप्याचे रोखाने धावत. त्यांची दिशा कानांत होती. मग बाजू बदलो की न बदलो, छावणी सावली सोडीना, पिपा छावणी सोडीना आणि प्रेमानंद पिपा सोडीनात. म्हणजे इतके उन्हाळे जे गोल आपणांवर चढले ते मलिहाबींनीच बोलावून आणले होते, आणि तेही मायेपोटी. त्यांस मोठ्याने रडावेसे वाटले. परंतु लढाई चालू होती आणि रडण्यास फुरसत नव्हती.

पिपा बंद ठेवावा तर प्रेमानंद जागचे हलत नाहीत. चालू ठेवावा तर आपल्यावरच येतात. मग एकच तजवीज उरली: पिपा पूर्वेस न्यायचा. आणि पूर्वेस ऊन. मलिहाबी बाजेपाशी गेल्या आणि त्यांनी विनंती केली, "आबा, आपल्याले तिकडं जा लागते. सारे चला." भाऊरावांनी पूर्वेकडे पाहिले. तिकडली माती तव्यासारखी हलताना दिसत होती. ते म्हणाले, "तिकडं ऊन हाये न माय." आणि त्यांनी डोळे मिटले.

मग मलिहाबींनी पिपा डोक्यावर घेतला आणि एकट्या निघाल्या. वाटेत एका चपलेचा पट्टा तुटला, ती तेथेच टाकली. पाय भाजू लागला म्हणून एका पायावर लंगडी घालीत, पिपा सांभाळीत, पूर्वेचे गोलामागे पोहोचल्या. पिपा उन्हाने ऐसा तापला की हात लावू देईना, तेव्हा ओढणीचे बोळ्याने धरला आणि टोला हाणला. प्रेमानंदांनी कान टवकारले आणि चेंडूसह गर्रकन वळले. परंतु निंबाखालून छावणीने नित्याप्रमाणे गजर केला, "आण, आण, इकडं आण!" प्रेमानंद पुन्हा उलटे वळले. पिपा वाजला, इकडे वळले. छावणी ओरडली, तिकडे वळले. सरनौबतांनी मैदानातच बैठक मारली.

या गोंगाटाने भाऊरावांनी एक डोळा उघडला. पाहतात तो पार तिकडे, रणरणत्या उन्हात, एवढीशी पोर एका पायावर उड्या मारीत पिपा बडवीत आहे, आणि तिला साथ म्हणून कोणी नाही. भाऊरावांनी दुसरा डोळा उघडला. मग ते बाजेवरून उठले. बाजेचा दुसरा कोपरा एकदम उलटला आणि पंच अर्जुनराव जमिनीवर आले, त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. भाऊरावांनी दुपट्टा डोक्यास गुंडाळला आणि सावलीचे काठावर उभे राहून हुकूम फर्मावला, "उठा बे सारे! पोरगी एकली उन्हात वाजवून राह्यली अन् आपण काऊन सावलीत बसून राह्यलो?" आणि सावलीबाहेर पाऊल टाकले.

मग छावणीचे कूच जाले. आघाडीस भाऊराव, त्यांचे मागे बाज उचललेले दोन इसम, मग कडेवर माठ घेतलेल्या बेबीताई, मग दुकान उघडे टाकून आलेले हातात पंप असलेले कादरभाई, मग छत्र्या, मग उपरणी, मग झोपमोड जाली म्हणून भांडायला आलेले आणि भांडण विसरून सामील जालेले शेजारी. ऐसी ती फौज मैदानाचे कडेकडेने उन्हातून चालली आणि "अरे बाप्पा, अरे बाप्पा" ऐसा रणघोष होत गेला. मलिहाबींनी ते पाहिले आणि त्यांचे डोळ्यांत पाणी आले आणि लगेच वाळले. सारे जण पूर्वेचे गोलामागे उभे राहिले आणि जो तो ज्यास जे सापडेल ते वाजवू लागला. निंबाखाली सामसूम जाली.

प्रेमानंदांनी मुंडी खाली घातली आणि पूर्वेस दौड केली. अडवायला कोणी नव्हते. अमडापूरचे सारे गडी सावलीत, आणि पूर्वेचे गोलाचे रक्षण ज्यांकडे, ते त्यांचे गोलकीपर सागर हे मघाच पाणी पिण्यास माठापाशी निंबाखाली गेलेले, आणि माठ तर पुढे निघून गेला. सागर ओंजळ धरून उभेच होते. त्यांनी मागे वळून पाहिले आणि धावत सुटले, परंतु उशीर जाला होता. प्रेमानंदांनी लाथ मारली. चेंडू टेंगळावर पडून भलतीकडे वळला आणि बांबूस लागला आणि बांबू डुलला आणि चेंडू क्षणभर विचार करीत उभा राहिला आणि मग हळूच रेषेपलीकडे आत लोळला. त्याउपरी बांबू पडला.

कोणी ओरडले नाही. आपला गोल कैसा दिसतो हे कोणास ठाऊक नव्हते. सारे अर्जुनरावांकडे पाहू लागले. ते कमरेस हात लावून लांबूनच येत होते. अमडापूरच्या एकाने हरकत घेतली की बांबू पडला, सबब गोल नाही. अर्जुनरावांनी घड्याळ पाहिले आणि निवाडा दिला, "झाला बाप्पा गोल! चला आता, तिकडं वऱ्हाड थांबून राह्यलं!" आणि लांब शिट्टी मारून लढाई संपवली.

मग जो जल्लोष जाला तो लिहावा तर कागद पुरणार नाही. सरनौबतांनी प्रेमानंदांस खांद्यावर घेतले आणि प्रेमानंद पुसू लागले की या खेपेस कोणत्या गोलात गेला. कादरभाईंनी पंपाने हवेतच हवा भरली. सागरांनी येऊन मलिहाबींस मुजरा केला आणि पाणी मागितले. येणेप्रमाणे अमडापूरकरांचे गोल चार आणि पिंपळगावकरांचा एक, ऐसी पिंपळगावकरांची निर्विवाद फत्ते जाली, ती येथे दाखल केली असे.

आता एक बाब राहिली. भाऊरावांनी माणूस धाडून अढीतला आंबा मागवला आणि सदऱ्यास पुसून मलिहाबींचे हाती दिला. सारी फौज गोल करून उभी राहिली. मलिहाबींनी देठ काढला, चीक पिळून टाकला आणि तिसरे उन्हाळ्याचा पहिला घोट घेतला.

भाऊरावांचे झाडाचा आंबा आंबट असे. नुसता आंबट नव्हे, दात आंबून कान हलतील ऐसा. हे साऱ्या पिंपळगावास ठाऊक होते. एक मलिहाबींस ठाऊक नव्हते, कारण त्यांनी तो कधी चाखला नव्हता, आणि अढी लावून बसलेल्या म्हाताऱ्यास सांगावे कोणी. मलिहाबींचा चेहरा पार आक्रसून गेला, अगदी भाऊरावांचा दर साली आक्रसे तैसा. त्यांनी मान वर करून भाऊरावांकडे पाहिले. डोक्यास दुपट्टा गुंडाळलेला, घामाने निथळत असलेला तो म्हातारा जन्मात पहिल्यांदा भर उन्हात उभा होता, आणि सावलीत परत जायचे त्याचे ध्यानातही नव्हते. तो हळूच म्हणाला, "कसा हाये, माय?"

मलिहाबींनी कोय पांढरी होईतो चोखली. मग हात पुढे केला आणि म्हणाल्या, "लय गोड हाये, आबा. अजून एक हाये काय?"